थकलेल्या माणसाला ‘इम्युनिटी प्रोफाइल’ विकू नका

स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

गेले काही महिने आपल्या गावात स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत मेडिकलच्या दारांत एक पत्रक लटकलंय. ‘सतत थकवा? अंगात त्राण नाही? आजच करा संपूर्ण इम्युनिटी प्रोफाइल. सॅम्पल घरी येऊन. ७,५०० ची तपासणी फक्त ३,९९९ रुपयांत.’ खाली व्हॉट्सअॅप नंबर. डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही म्हणे.

काही पत्रकांवर तर आजाराचं नावच छापलंय, क्रॉनिक फटिग सिंड्रोम. म्हणून आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. या आजाराचं निदान करणारी रक्ततपासणी आजघडीला जगात कुठेच नाही. मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. जी तपासणी ते सांगूच शकत नाही, तिचे चार हजार घेताय कशाचे?

हा आजार खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. उलट तो फार खरा आहे. डॉक्टरी भाषेत एमई/सीएफएस. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्याचे निकष ठरवले. सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला थकवा, आणि त्यामुळे आधी सहज होणारी कामं न झेपणं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडलेलं. थोडे श्रम झाले की सगळा त्रास उसळणं, आणि तोही बऱ्याचदा लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. जोडीला डोकं न चालणं, किंवा उभं राहिलं की त्रास वाढणं. बघा, यातलं काहीही सुईने कळत नाही. समोर बसवून, वेळ देऊन विचारावं लागतं. आणि नेमका वेळच कुणाकडे नाही.

‘मग रोगप्रतिकारशक्तीचा काहीच संबंध नाही का?’ असं कुणी विचारेल. संबंध असावा, असं मानायला जागा आहे. कितीतरी रुग्णांचं दुखणं एखाद्या तापानंतर, कोविडनंतर सुरू झालेलं असतं. एनके नावाच्या पेशी, ज्या विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, त्या या रुग्णांत कमी काम करतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण ती गटाची सरासरी असते. अ तुकडीचे सरासरी मार्क ब तुकडीपेक्षा कमी असले, म्हणून एका पोराची मार्कशीट बघून त्याची तुकडी सांगता येते का? तसंच हे.

शिवाय पॅकेजमध्ये बहुतेक वेळा या पेशींची नुसती मोजदाद असते. रोजगार हमीच्या मस्टरवर किती मजूर आले ते कळतं, बांध किती घातला ते कळत नाही. पेशींचं काम तपासायचं तर त्या जिवंत लागतात, रक्त ताजं लागतं. इथलं सॅम्पल किती तासांनी, कसल्या डब्यातून शहरात पोचतं, ते एकदा विचारून बघा. एएनए म्हणाल, तर ती चांगल्या धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येते.

हा खेळ जगाने आधी एकदा पाहिलाय. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात शोधनिबंध आला, की या आजाराच्या १०१ पैकी ६८ रुग्णांत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला. रुग्णांना वाटलं, चला, कुणीतरी आपलं ऐकलं. लगोलग अमेरिकेत त्याची तपासणी विकायला आली. काहींनी तर एचआयव्हीची औषधंही घेतली. नंतर कळलं, विषाणू रुग्णांच्या रक्तातला नव्हताच, प्रयोगशाळेतल्या भेसळीतून आलेला होता. २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. २०१२ च्या मोठ्या फेरतपासणीत १४७ पैकी एकाही रुग्णात तो सापडला नाही. तपासणीचे पैसे मात्र रुग्णांच्याच खिशातून गेले होते.

‘लोक स्वतःच्या पैशाने करतात, तुमच्या पोटात का दुखतं?’ हा प्रश्न येणारच. दुखतं ते यासाठी.

रिपोर्टात काही लाल आलं, तर पुढे पावडरी, गोळ्या, ‘बूस्टर’, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि सगळं नॉर्मल आलं तर? ते त्याहून वाईट. तोच कागद घरात पुरावा म्हणून फिरतो. ‘बघ, काही झालेलं नाही तुला. नाटकं बंद कर.’ सुनेला हे ऐकावं लागतं, कॉलेजच्या पोराला ऐकावं लागतं. मग सगळे मिळून सांगतात, व्यायाम कर, चालायला जा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये. झेपेल तेवढंच करायचं, ताकद पुरवून वापरायची. म्हणजे चुकीच्या कागदावरून दिलेला सल्ला माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो.

मग तपासण्या करूच नयेत का? कराव्यात, पण ज्यांतून काही हाती लागेल त्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, लोह, बी-१२, किडनी, लिव्हर, लघवी. खोकला असेल, वजन घटत असेल तर टीबी. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. थकव्याचं कारण आधी तिथे शोधा, त्यावर औषध आहे. यातल्या बऱ्याचशा तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. वारंवार न्यूमोनिया होणं, जंतुसंसर्ग न हटणं, असं काही असेल तर प्रतिकारशक्तीच्या तपासण्याही लागतात. पण ते डॉक्टरने तपासून ठरवायचं, मेडिकलच्या दारातल्या पत्रकाने नाही.

आता जाहीर प्रश्न.

लॅबवाल्यांना: तुमच्या रिपोर्टवर सही कुणाची असते? पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय.

डॉक्टरांना: तुमच्यातले पुष्कळ जण प्रामाणिक आहेत, मला माहीत आहे. मग गप्प का? रुग्ण पाठवण्याचं कमिशन घेणं २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. तरी ‘कट’ हा शब्द गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

आणि ज्यांना खरंच संशोधन करायचंय त्यांना: जरूर करा. या रुग्णांना त्याची फार गरज आहे. रक्त घ्या, लेखी संमती घ्या. पण पैसे घेऊ नका. संशोधनाचा खर्च आजारी माणसाने उचलायचा नसतो.

तुमच्या घरात असं कुणी थकलेलं असेल, तर एकच करा. त्यांना विचारा, ‘काल काम केलंस, आज कसं वाटतंय?’ उत्तर पूर्ण ऐका, चार दिवस लिहून ठेवा, आणि तो कागद डॉक्टरकडे न्या. चार हजारांच्या प्रोफाइलपेक्षा तो जास्त कामाचा आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथेच.