किती देते?

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या वरणगावात कुणाच्या दारात गाडी नव्याने उभी राहिली, की भोवती जमलेली मंडळी तीन प्रश्न हमखास विचारतात. कितीला पडली? कर्ज किती काढले? आणि किती देते? पहिल्या दोन प्रश्नांना मालक थोडीफार थाप मारतो, तिसऱ्याला भरपूर मारतो. 'किती देते' म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हैस किती देते हे ज्या सुरात विचारायचे, त्याच सुरात गाडीचेही विचारायचे. पुण्या-मुंबईकडचे मित्र या प्रश्नाला हसतात. खेडवळ प्रश्न, म्हणतात. मीही काही दिवस हसत होतो. आता हसत नाही. का हसत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

मे २०२३ मध्ये माझा थोरला भाऊ पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन घरी आला. दोनच दारे, तांबडा रंग, आणि इतकी बुटकी की आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तिचे पोट घासून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. पुढे जे झाले त्यात दोष गाडीपेक्षा आमचा जास्त होता. गाडी २०११ सालची. मूळ किंमत तीस लाखांच्या घरात, दादाला मिळाली नऊ लाखांत. त्यातले तीन लाख अण्णांचे. अण्णा आमच्या इथल्या आयुधनिर्माणीत, म्हणजे सगळे वरणगाव जिला नुसते 'फॅक्टरी' म्हणते तिथे, मशीनवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. ते तीन लाख वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी ठेवलेले होते. गच्चीवर स्लॅबसाठी सोडलेल्या सळया अजून तशाच उभ्या आहेत.

दादाचे हुकमाचे पान एकच होते: "अण्णा, बारा वर्षांत फक्त एकतीस हजार किलोमीटर चाललीय. नवीकोरीच समजा."

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडायला सांगितले नाही. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. २४११. म्हणजे २०११ सालचा चोविसावा आठवडा. टायर बनल्याची तारीख अशी त्याच्या अंगावरच छापलेली असते, हे मला त्या दिवशी कळले.

"टायरबी तवाचेच हायेत," ते म्हणाले. "बारा वर्सात एकतीस हजार? मंग इतले दिवस थे उभीच होती का?" आणि उठता उठता: "लिटरले किती देते?"

"ही गाडी ॲव्हरेजसाठी नसते, अण्णा," दादा म्हणाला. जमलेली पोरे हसली. त्यात मीही होतो.

परत जाताना मी संभाजीनगरपर्यंत, मावशीकडे जायचे म्हणून, दादाच्या शेजारी बसलो होतो. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढू लागलो आणि उष्णतेचा काटा वर सरकला. दुपारची वेळ, खानदेशातला मे महिना. दादाने वेळीच गाडी बाजूला घेतली म्हणून इंजिन वाचले. बॉनेटखालून वाफेचा लोट निघाला. एक रबरी पाइप उभा फाटला होता. तीनचाकीत बसून आम्ही फर्दापूरला आलो, गाडी मागाहून ट्रकवर चढवून भुसावळला. तिथल्या मिस्त्रींनी तो पाइप दोन बोटांत दाबला तर तो पापडासारखा तडकला. ते म्हणाले, "हा चालून नाही गेला भाऊ. बसून गेला."

जुन्या गाडीसंबंधी मी आजवर जे काही ऐकले-वाचले, त्यात याहून शहाणे वाक्य मला सापडलेले नाही. आपण किलोमीटरचा आकडा पाहून गाडीचे वय ठरवतो. लोखंडाच्या बाबतीत ते काहीसे खरे आहे. पिस्टन, बेअरिंग, गिअर हे चालण्याने झिजतात. पण गाडीत रबर असते, आणि रबर घड्याळाप्रमाणे म्हातारे होते. गाडी पळो न पळो, पाइप कडक होतात, सीलना चिरा पडतात, टायर दगडासारखे होतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याचा चिकट थर बसतो. वर आपल्याकडचा उन्हाळा, पंचेचाळीस अंशांचा. आणि उंदीर, उभ्या गाडीच्या वायरी म्हणजे त्यांची दिवाळी. ज्याच्या मळ्यात मोटार आहे त्याला हे सांगायला नको. रोज चालणारा पंप वर्षानुवर्षे चालतो, आणि दोन पावसाळे बंद राहिलेला पहिल्याच दिवशी जाम निघतो. मग मोटारगाडीच्या वेळीच आपण हे का विसरतो? मला वाटते, कमी किलोमीटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घडी न मोडलेले लुगडे येते. गाडी म्हणजे लुगडे नव्हे.

दादाच्या बाजूने इतके सांगितले पाहिजे की ही भुरळ भल्याभल्यांना पडते. २००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली तेव्हा त्याला फेरारीची ३६० मॉडेना ही गाडी भेट मिळाली. मायकेल शूमाकरने सिल्व्हरस्टोनला ती त्याच्या हाती दिली. पुढच्या वर्षी तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला आणि शेवटी ते शुल्क फियाट कंपनीने भरले. गाडीवरचा कर हाही तिच्या किमतीचाच भाग असतो, हे तेव्हा सगळ्यांना कळले. २०११ मध्ये सचिनने ती विकली. घेणारा गृहस्थ सुरतेचा. म्हणजे आपलीच तापी जिथे समुद्राला मिळते आणि आपल्याच हायवेचे पश्चिमेकडचे टोक जिथे आहे, तिथे भारतातली सर्वांत गाजलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार गेली.

आता या ३६० मॉडेनाचे गणित पाहा. आठ सिलिंडरचे, ३.६ लिटरचे, ४०० अश्वशक्तीचे इंजिन. लिटरला पाच-सहा किलोमीटर मिळाले तरी नशीब समजायचे. पण खरी मेख पेट्रोलात नाही. इंजिनाच्या झडपांची उघडझाप ज्यावर अवलंबून असते ते दातेरी रबरी पट्टे साधारण दर तीन वर्षांनी बदलावे लागतात. गाडी तीस हजार किलोमीटर पळाली काय किंवा तीनशे काय, पट्टा बदलायचाच. न बदलला आणि तुटला, तर झडपा पिस्टनवर आपटतात आणि इंजिन होत्याचे नव्हते होते. म्हणजे जो मालक गाडी जपून, झाकून ठेवतो, त्याला प्रत्येक किलोमीटर सर्वांत महाग पडतो. सचिनच्या वा सुरतेच्या गृहस्थांच्या खिशाला ते सोसते. प्रश्न दादासारख्यांचा आहे.

आणि इथेच नऊ लाखांची गोम आहे. अर्थशास्त्राच्या तासाला आपण घसारा शिकतो: वस्तू जुनी होते, किंमत उतरते. पण तीस लाखांची गाडी नऊ लाखांवर उतरली तरी तिचा पंप, तिचे ब्रेक, तिचा रेडिएटर तीस लाखांच्या गाडीचाच राहतो. सुट्या भागांना घसारा लागत नाही. उलट मॉडेल बंद झाले की ते महाग होतात. दादाच्या गाडीचा पाइप यायला तीन आठवडे लागले. मिस्त्रींनी एवीतेवी उघडलेच आहे तर पट्टा, पाण्याचा पंप आणि चारही टायर बदलायला लावले. बिल झाले एक लाख चाळीस हजार. 'स्वस्तात मिळाली' हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारलेले नाही.

आता 'किती देते' या प्रश्नाकडे येतो. या प्रश्नाने आपल्याकडे कारखानदारांनाही वाकवले आहे. आपल्या प्राध्यापकांपैकी काहींना राजदूत ३५० आठवत असेल. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाची ही मोटारसायकल १९८३ मध्ये फरिदाबादला बनवायला घेतली. दोन सिलिंडर, सहा गिअर, त्या काळच्या रस्त्यांवर तिला गाठणारे कुणी नव्हते. मूळ गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. ती इथे आणताना ॲव्हरेजसाठी ३० च्या आसपास आणली, आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून पुढच्या आवृत्तीत आणखी कमी केली. तरी ती पीतच राहिली. त्यातच १९८५ मध्ये लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात करीत हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली, आणि दशक संपता संपता राजदूत ३५० बंद पडली. आज तीच मोडकी राजदूत पोरे शोधत फिरतात. हौसेला मोल नसते हे खरे, पण तेव्हा ज्याला रोज तिच्यावरून कामावर जायचे होते त्याचा नकारही तितकाच खरा होता. त्याला क्षुद्र म्हणण्याचा अधिकार मला कुठून आला?

तेव्हा माझे मत असे. 'किती देते' हा कंजूष माणसाचा प्रश्न नाही. तो 'ही गाडी तू चालवणार आहेस की उभी करणार आहेस?' हाच प्रश्न आहे, फक्त थोड्या शब्दांत. जी गाडी रोज काढायला परवडत नाही ती उभी राहते; उभी राहिली की बिघडते; बिघडली की काढायची आणखी भीती वाटते. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हापासून हे चक्र जास्तच जोरात फिरू लागले आहे. पुणे ते वरणगाव सव्वाचारशे किलोमीटर. लिटरला दहाच्या हिशेबाने एका बाजूचे पेट्रोलच साडेचार हजारांच्या घरात जाते. मग दादा रेल्वेने येऊ लागला आणि गाडी पुण्याच्या पार्किंगमध्ये झाकून राहिली. म्हणजे अण्णांनी विचारलेले दोन्ही प्रश्न एकच होते, आणि आम्ही एकाला हसलो नि दुसऱ्याकडे लक्ष दिले नाही.

त्यात पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि दोन वर्षांत ते सर्वत्र झाले. जुन्या धाटणीच्या चारचाकीचे ॲव्हरेज त्याने सहा-सात टक्क्यांनी उतरू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर त्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण बारा-पंधरा वर्षांची गाडी घेणाराने हा खर्चही धरावा.

मग जुनी स्पोर्ट्स कार घेऊच नये काय? असे मी म्हणत नाही. वेगाची हौस हे काही पाप नव्हे, आणि घाटात बिघडण्याआधी फर्दापूरपर्यंतचा तो रस्ता आम्ही ज्या मजेत कापला ती मी विसरलेलो नाही. घेणाराने किंमतीच्या चौथा हिस्सा पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत, आठवड्यातून दोनदा तरी गाडी इंजिन नीट तापेपर्यंत चालवावी, आणि कमी किलोमीटरवाल्या गाडीपेक्षा वह्या-पावत्या नीट ठेवलेली, लाखभर किलोमीटर झालेली गाडी पसंत करावी. विश्वासूपणा म्हणून गाडीत आतून बसवलेला काही भाग नसतो. भुसावळच्या कारखान्यात विजेची रेल्वे इंजिने मुदत भरली की खोलली जातात, बंद पडण्याची वाट पाहिली जात नाही. आपली एस.टी. रंग उडालेली, खिडक्या वाजणारी, पण लाखो किलोमीटर पळते, कारण तिच्यामागे डेपो आहे. आपल्या स्पोर्ट्स कारमागे कोण आहे, हे ती घेण्याआधी बघावे.

दादाने गेल्या वर्षी गाडी वरणगावला आणून लावली. विकायची म्हटले तर चार लाखांच्या वर कुणी बोलत नाही. अण्णांनी तिच्यावरून त्याला एकदाही ऐकवले नाही, ही गोष्ट दादाला जास्त लागते. मात्र दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत अण्णा स्वतः गाडी काढतात, हतनूरच्या धरणापर्यंत जातात, थोडा वेळ पाण्याकडे बघतात आणि परत येतात. गल्लीतला गतिरोधक ते तिरका घेतात. पोट घासत नाही. टाकी काठोकाठ भरायची, चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा, अशी त्यांची पद्धत. फॅक्टरीच्या जुन्या डायरीत तारीख, लिटर, किलोमीटर असे रकाने आखलेले आहेत. पहिली नोंद ८.९ ची आहे. मागच्या रविवारी आले तेव्हा ओसरीवर बसलेल्या शेजाऱ्याने विचारले, "अण्णा, किती देते?"

"अकरा पॉइंट दोन," अण्णा म्हणाले, आणि मला डायरी आणायला सांगितली.