सावळद्याची खापरे मुलांना कधी दिसणार?

पुण्याच्या डेक्कन कॉलेज या अभिमत विद्यापीठात पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. नंदुरबारहून तिथे सहल न्यायची तर खर्च कोणाला परवडतो? आणि आमच्याच जिल्ह्यातल्या, तापीकाठच्या सावळद्यावरून चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला नाव मिळाले! तिच्या मडक्यांवर बाण आणि प्राणी रंगवलेले असत. प्रकाशे इथेही १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले.

वर्गात हे सांगितले, तर उर्दू माध्यमातल्या एका मुलाने विचारले, "सर, हे आपलं आहे की त्यांचं?" मी म्हणालो, "बेटा, तेव्हा आजची मंदिरेही नव्हती, मशिदीही नव्हत्या. तापी होती." त्याचे समाधान झाले नाही. खापर हातात असते तर झाले असते.

जिल्हा १९९८ मध्ये झाला. विद्यापीठांनी थोडी खापरे इथे द्यावीत. एक खोली, चार कपाटे, मराठी-उर्दू-भिली पाट्या. एवढेच मागणे आहे.