दाईचा धंदा गेला, दाईची गरज गेली नाही

समाजातील बेरोजगारीचा प्रश्न निघाला की आपली चर्चा यंत्रमाग, गॅरेज, बेकरी आणि फळांची गाडी यांच्याभोवती फिरते. स्त्रियांच्या रोजगाराचा विषय आला तर शिवणकाम, जरीकाम आणि पापड-लोणची यांच्यापुढे विचार जात नाही. मात्र एक धंदा असा होता की, तो पूर्णपणे स्त्रियांच्याच हाती होता. त्यात पुरुषाला प्रवेश नव्हता, भांडवल लागत नव्हते आणि सासूकडून सुनेकडे तो वारशाने जात होता. तो धंदा म्हणजे दाईचा. आज तो जवळजवळ संपला आहे. तो संपला याचे दुःख करू नये. पण त्याचा जो अर्धा भाग आजही उपयोगाचा आहे, तो आपल्या भगिनींनी नव्या रूपात हाती घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाईचा धंदा का संपला, हे आधी पाहू. २००५ साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि बाळंतपण घराऐवजी दवाखान्यात व्हावे म्हणून सरकारने पैसा व यंत्रणा उभी केली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. हे चांगलेच झाले. रक्तस्राव, झटके, अडलेले मूल या संकटांत दवाखानाच जीव वाचवतो.

परंतु दाई दोन कामे करीत असे. एक, मूल सोडवणे. दुसरे, कळा सुरू झाल्यापासून बाळ पदरात पडेपर्यंत बाईजवळ बसून राहणे, कंबर चोळणे, पाणी पाजणे, धीर देणे. पहिले काम डॉक्टर आणि नर्स यांनी घेतले. दुसरे काम कोणीच घेतले नाही. एका नर्सकडे एकाच वेळी चार-चार बायका असतील तर ती कोणाजवळ बसणार? पहिलटकरीण कोवळी मुलगी अनोळखी खोलीत एकटी कळा सोसते आणि तिची माणसे दाराबाहेर बाकावर बसून राहतात.

सोबतीची किंमत

हे दुसरे काम करणाऱ्या स्त्रीला परदेशात डूला म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ सेवा करणारी स्त्री, दासी असा आहे. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७० च्या दशकात तो नव्या आईला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी वापरला. आपण तिला सरळ प्रसूती-सोबतीण म्हणू.

या सोबतीचा उपयोग किती, याचे मोजमाप झालेले आहे. १९८० साली ग्वाटेमालातील एका रुग्णालयातील अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे काही बायकांजवळ एक साधी, परकी, वैद्यकीय शिक्षण नसलेली स्त्री बसवण्यात आली. ज्यांच्या बाळंतपणात अडचण आली नाही, अशांपैकी एकट्या बायकांना दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंत सरासरी १९ तास लागले, तर सोबत असलेल्यांना ९ तासांपेक्षा कमी. पुढे १९९१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील अभ्यासात सोबत नसलेल्या गटात १८ टक्के, तर सोबत असलेल्या गटात ८ टक्के सिझेरियन झाले.

मात्र या आकड्यांची जाहिरात करून गिऱ्हाईक जमवू नये. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. त्यात सिझेरियनचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पण वेळ सरासरी ४० मिनिटांच्या आसपासच वाचला. म्हणजे फायदा खरा आहे, पण दहा तास वाचतील असे सांगणे म्हणजे काटा मारणे होय. आणि कोणतीही सोबतीण ‘नॉर्मल डिलिव्हरी’ची हमी देत असेल, तर ती खोटा माल विकत आहे असे समजावे.

कोणी म्हणेल, घरात आई आहे, सासू आहे, खाला आहे. मग पैसे देऊन परकी बाई कशाला? जिथे अशी धीराची, मोकळ्या वेळेची आणि दवाखान्याची माहिती असलेली नातलग आहे, तिथे खरोखरच गरज नाही. पण कामासाठी गाव सोडून भिवंडी, मुंब्रा किंवा चाकण येथे आलेल्या कुटुंबांचे काय? शिवाय आपल्याच मुलीचे ओरडणे ऐकून आई स्वतः घाबरते आणि मग दोघींना सावरायला तिसरी लागते.

हात कुठे थांबवायचा

या धंद्याची अब्रू एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. सोबतिणीने वैद्यकीय कामाला हात लावता कामा नये. आतील तपासणी नाही, कळा वाढवण्याची सुई नाही, औषधाची गोळी नाही, पोटावर दाब देणे तर मुळीच नाही. बाळाच्या ठोक्यांचा अर्थ लावणे हेही तिचे काम नाही. ज्या भगिनींना ही कामे करायची इच्छा आहे, त्यांनी बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून रीतसर नोंदणी करावी. तो रस्ता लांब आहे, पण तोच कायद्याचा आहे. सोबतिणीसाठी आपल्या देशात सरकारी परवाना नाही. खासगी संस्थांची प्रमाणपत्रे मिळतात, पण त्यांनी कोणी नर्स होत नाही.

घरी कळा सुरू झाल्यावर अंगावरून रक्त जाऊ लागले, पाणी हिरवट आले, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सोबतिणीने एकच गोष्ट सांगावी : ताबडतोब दवाखाना. ‘थोडे थांबा, सिझर टळेल’ असे सांगणारी बाई एखाद्या घराचा दिवा विझवू शकते.

दवाखान्यात प्रवेशाचाही विचार हवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीस परवानगी दिली. सोबत करणारी स्त्री स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने स्वच्छ कपड्यांत यावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. तेव्हा आत कोण जाणार, सासू की सोबतीण, हे घरात आधीच ठरवावे. खासगी नर्सिंग होममध्ये डॉक्टरांशी सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून घ्यावे. पर्दा पाळणाऱ्या स्त्रियांच्या अडचणीही, जसे अंगावर चादर असावी, शक्यतो स्त्री कर्मचारी असावी, अशा सोबतिणीमार्फत वेळेआधी आणि नम्रपणे मांडता येतात.

वाट पाहण्याचाही मोबदला

आता हिशेबाकडे येऊ. या कामात सर्वांत महाग वस्तू म्हणजे वेळ, आणि त्यातही वाट पाहण्याचा वेळ. बाळ तारीख पाहून येत नाही. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत सोबतिणीला फोन उशाशी ठेवून झोपावे लागते. त्यामुळे महिन्याला तीन-चारपेक्षा अधिक कामे घेता येत नाहीत. समजा, एका कामाचे ६,००० रुपये ठरले आणि महिन्यात तीन कामे झाली. १८,००० रुपये आले. रिक्षा, फोन, जेवण आणि अडल्या वेळी बदली जाणाऱ्या मैत्रिणीचा वाटा असे ३,००० वजा केले. उरलेल्या १५,००० ला तीनने नव्हे, तर तिने अडवून ठेवलेल्या ३० दिवसांनी भागावे. रोजचे ५०० रुपये पडतात. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पण हा भागाकार न करता भाव सांगणारी बाई वर्षभरात थकून काम सोडते.

म्हणून एकटीने हा धंदा करू नये. दोघी-तिघींनी मिळून करावा. साध्या मराठीत किंवा उर्दूत एक पानाचा करार असावा : आधी किती भेटी, नंतर किती, आगाऊ रक्कम किती, ऐनवेळी सिझर झाले तर काय, सोबतीण पोहोचण्याआधीच बाळ झाले तर किती पैसे परत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही.

जुन्या दाईच्या काळातील एक वाईट रिवाज येथे येऊ देऊ नये. मुलगा झाला तर साडी आणि पैसे, मुलगी झाली तर नुसते धान्य, असा प्रकार अनेक ठिकाणी चालत असे. मेहनत दोन्ही वेळी सारखीच. मजुरी आधी ठरलेली आणि दोन्ही वेळी एकच असली पाहिजे. तसेच नर्सिंग होमकडून गिऱ्हाईक नेल्याचा कट घेऊ नये. बाळाच्या दुधाच्या डब्यांची शिफारस तर करूच नये. अशा डब्यांच्या जाहिरातीस आणि खपासाठी आमिषे देण्यास १९९२ च्या कायद्यानेच मनाई केलेली आहे. ज्या बाईवर घरातील लेक सोपवली, ती कोणाची दलाल असू शकत नाही.

व्यापाऱ्यांनी काय करावे

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंकडे तीन मागण्या आहेत. पहिली, मोहल्ल्यातील ज्या समित्या शिवणयंत्रे वाटतात, त्यांनी चार-पाच समजूतदार, स्वतः आई झालेल्या भगिनींच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. त्यात विधवा आणि परित्यक्ता भगिनींचा आधी विचार व्हावा. दुसरी, जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट घेऊन या भगिनींची ओळख करून द्यावी, कारण डॉक्टरांचा विश्वास नसेल तर दार उघडणार नाही. तिसरी, स्वतःच्या घरात बाळंतपण असेल तेव्हा या सेवेचा योग्य मोबदला द्यावा. अकीक्याच्या दावतीत शंभर माणसे जेवतात, तिथे रात्रभर लेकीचा हात धरून बसलेल्या बाईला ‘खुशीने जे वाटेल ते’ देऊन वाटेला लावणे हा न्याय नव्हे.

अनुभव हे आपल्या वयस्क भगिनींजवळचे भांडवल आहे. ते आज घरात पडून आहे. त्याला थोडे शिक्षण, स्पष्ट मर्यादा आणि चोख हिशेब यांची जोड दिली तर त्यातून हलाल रोजीही मिळेल आणि बाळंतपणाच्या खोलीत एकटी पडलेली मुलगी एकटी राहणार नाही.