नंदीबैलाला नांगर

लहानपणी आमच्या गल्लीत नंदीबैल यायचा. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा असा थाट. मालकाने ढोलके गुबुगुबु वाजवून काहीही विचारले, की तो मान डोलवायचा. "हे पोरगं पास हुईल का?" या प्रश्नालाही त्याने एकदा मान डोलावली होती, आणि त्या वर्षी मी गणितात गचकलो. तेव्हापासून नंदीबैलाच्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला. पण त्याच्या मालकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या शहाण्या माणसाने नंदीबैलाला कधी नांगराला जुंपले नाही.

आम्ही जुंपले.

त्याचे असे झाले. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर चार लोकांसारखी आम्हीही एक छोटी एसयूव्ही घेतली. छोटी एसयूव्ही म्हणजे उंच टाचांच्या चपला घातलेली साधी मोटार. चाकांभोवती काळ्या प्लॅस्टिकची महिरप, टपावर दोन दांड्या आणि पुढून बघाल तर तालमीतून आत्ताच बाहेर पडलेल्या पैलवानासारखा चेहरा. जाहिरातीत ती डोंगराच्या शेंड्यावर उभी असते. तिथे ती कशी चढली आणि आता उतरणार कशी, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. विक्रेत्याने मला पाऊण तास पडद्याची रुंदी, आसनाची ऊब आणि पेला ठेवायच्या खळग्यांची संख्या समजावून दिली. शेवटी मी विचारले, "मागे काही जोडलं तर ओढेल ना?" त्याने मान डोलावली. तेव्हाच मला ढोलके ऐकू यायला हवे होते.

पुढे भाद्रपद आला. मंडळाचा गणपती यंदा ट्रेसीच्या हॉलमध्ये आणि मंडळाचे सामान आल्टामाँट घाटाच्या अलीकडे, भाड्याच्या गोदामात. खजिनदार म्हणाले, "ट्रक कशाला? तुमची एसयूव्ही आहे की. एक ट्रेलर भाड्यानं घेऊ, एका फेरीत काम." खजिनदार हा प्राणी कुठल्याही मंडळात गेलात तरी सारखाच असतो. वजनाचा अंदाजसुद्धा तो काटकसरीनेच करतो. "फार तर चारशे पौंड भरेल," असे म्हणून त्यांनी मखर, प्लायवूडचे स्टेज, चार मोठे स्पीकर, घडीची टेबले आणि गेल्या वर्षीचा उरलेला चिवडा असा सगळा संसार आत कोंबला. जड सामान दाराशी ठेवले, उतरवायला सोपे जावे म्हणून. मी जरा का-कू केली, तर त्यांनी गाडीच्या मागच्या हुकावर कोरलेला आकडा दाखवला. 3,500 पौंड! मी गप्प बसलो. गणितात गचकलेला माणूस आकड्यापुढे नेहमी गप्प बसतो.

गाडीत पुढे मी आणि खजिनदार. मागे आमची ही आणि तिचे वडील, म्हणजे आमचे अण्णा. अण्णा वाळवा तालुक्यातले, उभे आयुष्य बैलगाडी हाकलेले. मांडीवर फुलांची परडी.

आल्टामाँटला पवनचक्क्या शेकड्यांनी आहेत. त्या तिथे का उभ्या केल्या असतील, हा विचार उतार लागेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. आडवा वारा आला आणि ट्रेलर शेपटी हलवू लागला. आधी प्रेमाने, मग रागाने. गाडीचा मागचा भाग माझे ऐकेना. माझा पाय ब्रेककडे निघाला, तोच मागून अण्णा ओरडले, "जावईबापू, ब्रेक दाबू नगा! कासरा वढू नगा, सैल सोडा! गाडी उलार झालीया!"

मी पाय उचलला, चाक सरळ धरले, देवाचे नाव घेतले. शेजारून अठरा चाकांचा ट्रक भोंगा वाजवत गेला. वेग हळूहळू उतरला, शेपटी थांबली. कडेला गाडी उभी केली, तेव्हा परडीतली फुले सगळीकडे उधळली होती आणि ही एक शब्दही बोलत नव्हती. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, पण तिचे एवढे मौन मी कधी ऐकले नव्हते.

अण्णांनी जे एका शब्दात सांगितले, ते इथल्या पुस्तिकेत दोन पाने आहे. बैलगाडीत मागे वजन जास्त झाले की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर भार राहत नाही, गाडी उलार होते. ट्रेलरचेही तेच. इकडचा नियम असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडला पाहिजे, म्हणजे साधारण साठ टक्के सामान ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात. आम्ही स्पीकर दाराशी ठेवून शेपूट जड केली, आणि शेपूट जड झाली की ती हलणारच.

संध्याकाळी मालट्रकांच्या काट्यावर नेऊन ट्रेलर मोजला. 1,940 पौंड. त्यातला रिकामा ट्रेलरच 850चा. म्हणजे सामान 1,090 पौंड, खजिनदारांचे चारशे! आणि माझ्या गाडीची मर्यादा? पुस्तिकेच्या मधल्या कुठल्याशा पानावर बारीक अक्षरात होती : 1,500 पौंड, म्हणजे 680 किलो. हुकावरचा 3,500 हा हुकाचा आकडा होता. हुक तेवढे सोसतो, गाडी नव्हे. कासरा मजबूत म्हणून बैलाचे बळ वाढत नाही.

आता माझे भांडण ऐका. ते तिघांशी आहे.

पहिले खजिनदारांशी. ते अजून म्हणतात, "अहो, कंपनीवाले थोडी गुंजाइश ठेवतातच. ओढली ना गाडीनं?" ओढली! ओढण्याबद्दल वाद नाहीच. इंजिन काय, दम लागेपर्यंत ओढते. प्रश्न आहे थांबवण्याचा, वळवण्याचा आणि गिअरच्या तेलाने उकळू नये याचा. गुंजाइश असतेही, पण ती असते उन्हासाठी, घाटासाठी, आडव्या वाऱ्यासाठी आणि माझ्यासारख्या चालकासाठी. ती आपल्या स्पीकरसाठी राखून ठेवलेली जागा नव्हे. गावाकडे एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या गाणी लावून ओढतो, हा दाखलाही त्यांनी दिला. ट्रॅक्टर जन्माला येतो तोच ओढण्यासाठी, आणि सायकलवाला त्याला मागे टाकतो. शिवाय त्या ट्रॉल्या कधी कधी कुठे पडलेल्या असतात, हे ऊस पट्ट्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

दुसरे भांडण मंडळातल्या विद्वानांशी. ते म्हणतात, अमेरिकेतला आकडा थापेबाजी आहे. दाखला म्हणून 2019 सालची टोयोटा राव्ह-फोर हायब्रिड पुढे करतात. अमेरिकेत तिला 1,750 पौंड, म्हणजे 794 किलो. युरोपात चारही चाकांना जोर असलेल्या त्याच गाडीला 1,650 किलो. दुप्पटीहून जास्त! "गाडी तीच, मग अटलांटिक ओलांडताना ती अशक्त कशी होते?" आकडे खरे आहेत, हे मान्य. पण आकड्याबरोबर येणारा संसारही आणा की. तिकडे 750 किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. जर्मनीत ट्रेलर जोडला की ताशी 80 किलोमीटर, खास परवानगी असेल तर 100. तिकडे हुकावर भार कमी घेतात, म्हणून गाडीच्या मागच्या अंगाला जड ट्रेलरही झेपतो. पण तो डगमगू नये म्हणून सावकाश चालवतात. इकडे कॅलिफोर्नियात ट्रेलरला 55 मैलांची मर्यादा आहे आणि ती पाळणारा मी एकटाच दिसतो. बाकीचे 65ने जातात. 50 मैलांऐवजी 65 मैल म्हटले, की थांबवायची शक्ती जवळजवळ 1.7 पट झाली. युरोपचे वजन हवे, तर युरोपचा वेगही घ्या. सासुरवाडीचा मान हवा आणि आहेर नको, असे चालायचे नाही. आता, मोठी गाडी खपावी म्हणून छोटीचा आकडा कंपन्या जरा आखडता ठेवत असतील, असा संशय मलाही येतो. पण संशयाच्या जोरावर बायकोला आणि सासऱ्याला घाटात नेऊ नये.

तिसरे आणि खरे भांडण विकणाऱ्यांशी. आकडा कसा काढावा, याचे शास्त्र आहे. 2008 साली जे-2807 नावाचे प्रमाण आले. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा साडेअकरा मैलांचा चढ आहे. शंभर अंश फॅरेनहाइट उन्हात, वातानुकूलन पूर्ण सोडून, ठरलेल्या वेगाखाली न येता गाडीने तो चढायचा. म्हणजे परीक्षा कडक आहे. मग निकाल लपवता कशाला? दर गॅलनला किती मैल, हा आकडा काचेवर वीतभर लावता. त्याच्याच शेजारी, त्याच आकारात ओढायचा आकडाही लावा. आणि त्याखाली लिहा, की माणसे वाढली की हिशेब बदलतो. माझ्या गाडीच्या दाराच्या खांबावर माणसे आणि सामान मिळून 850 पौंड लिहिले आहे. मर्यादेतल्या ट्रेलरचा हुकावरचा भार 150 आणि प्रत्येकी 160ची पाच माणसे, म्हणजे 950. ट्रेलर नियमात, आणि गाडी तरीही शंभर पौंडांनी गुन्हेगार! हे मला घाटात कळावे की दुकानात?

नंदीबैल विकायला माझी हरकत नाही. मलाही तो आवडतो. रोजच्या भाजीला, हिच्या नोकरीला, अण्णांच्या दवाखान्याला तो उत्तम आहे. पण त्याला खिलार म्हणून विकू नका. डोंगराच्या शेंड्यावर उभा करून त्याचे फोटो छापायचे, आणि त्याची मान किती सोसते ते मधल्या पानावर बारीक अक्षरात लिहायचे, याला आमच्याकडे बाजारात जनावर फसवून विकणे म्हणतात.

गेल्या वर्षीपासून मंडळ ट्रक भाड्याने घेते. खजिनदारांनी तो खर्च जमाखर्चात 'जावईबापू निधी' या नावाने टाकला आहे. गणपती मात्र माझ्याच गाडीत येतो, पुढच्या आसनावर, पट्टा लावून. निघताना अण्णा मागून एकदा वाकून बघतात आणि म्हणतात, "मागं काय जोडलं न्हाई न्हवं?"

मी मान डोलावतो.