सुखान्त पडद्यावर, टाळे प्रत्यक्षात

करमणुकीच्या चित्रपटांकडे परिवर्तनवादी चळवळीतील माणसे बहुधा दोनच रीतींनी पाहतात. एक तर नफ्यासाठी काढलेला माल म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवतात, नाहीतर आपल्या बाजूची चार वाक्ये कानी पडली की टाळ्या वाजवून मोकळी होतात. दोन्ही रीतींत विचाराचे कष्ट वाचतात. ‘हेअरस्प्रे’ हा अमेरिकन संगीतपट मात्र या दोन्ही सवयी बाजूला ठेवून पाहावा असा आहे. त्याने काय सांगितले यापेक्षाही सांगताना काय बदलले, यात कार्यकर्त्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जॉन वॉटर्स या बाल्टिमोरच्या दिग्दर्शकाने हा चित्रपट प्रथम १९८८ साली काढला. २००२ साली त्यावरून ब्रॉडवेवर संगीतिका आली, तिला आठ टोनी पारितोषिके मिळाली आणि २००७ साली अ‍ॅडम शँकमन यांनी त्या संगीतिकेचा पुन्हा चित्रपट केला. काळ १९६२ चा. लोकांचे कपडे धुऊन देणाऱ्या बाईची ट्रेसी ही लठ्ठ, आनंदी मुलगी दूरचित्रवाणीवरील तरुणांच्या नृत्यकार्यक्रमात शिरकाव करून घेते. त्या कार्यक्रमात रोज गोरी मुले नाचतात, महिन्यातला एक दिवस काळ्या मुलांचा. हा भेद ट्रेसीला सलतो. ती काळ्या मित्रांच्या मोर्चात सामील होते, पोलिसांच्या तावडीतून निसटते आणि अखेरच्या प्रसंगात कॅमेऱ्यासमोर गोरी आणि काळी मुले एकत्र नाचू लागतात. स्पर्धेचा मुकुट एका काळ्या मुलीच्या डोक्यावर चढतो. प्रेक्षक प्रसन्न मनाने घरी जातो.

आता वस्तुस्थिती पाहू. बाल्टिमोरमध्ये असा कार्यक्रम खरोखरच होता. ‘द बडी डीन शो’ हे त्याचे नाव. डब्ल्यूजेझेड या केंद्रावरून तो १९५७ पासून प्रक्षेपित होत असे. निवडक गोऱ्या मुलामुलींची एक ‘कमिटी’ असे आणि त्या मुलांना शहरात नटनट्यांसारखा मान मिळे. काळ्या मुलांसाठी महिन्यातून एक दिवस वेगळा राखलेला होता, हा तपशील चित्रपटाने जसाच्या तसा घेतला आहे. १२ ऑगस्ट १९६३ रोजी, काळ्या मुलांसाठी राखलेल्या अशाच एका दिवशी, वर्णभेदविरोधी चळवळीतील गोरे विद्यार्थीही स्टुडिओत शिरले आणि सर्वांनी एकत्र नृत्य केले. ते दृश्य घरोघरी दिसले. चित्रपटाचा शेवट येथवरच्या इतिहासाशी जुळतो.

खरा इतिहास मात्र त्या दिवशी संपला नाही. एकत्र नृत्याला कायमची मान्यता द्यावी की काय, असा प्रश्न केंद्रापुढे उभा राहिला. गोऱ्या मुलांच्या पालकांचा विरोध होता, धमक्या येत होत्या आणि प्रेक्षकवर्ग दुरावण्याची भीती होती. अखेर ४ जानेवारी १९६४ रोजी तो कार्यक्रमच बंद करण्यात आला. दार सर्वांसाठी उघडण्याऐवजी नाचघरालाच टाळे लावले गेले. पडद्यावरचा सुखान्त हा बाल्टिमोरच्या इतिहासातला सुखान्त नव्हे.

हे टाळे म्हणजे एखाद्या भित्र्या व्यवस्थापकाचा लहरी निर्णय होता, असे समजण्याचे कारण नाही. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने काळ्यांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून सार्वजनिक पोहण्याचे तलाव चालवणेच सोडून दिले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. समतेत वाटा देण्यापेक्षा स्वतःच्याही सुखावर पाणी सोडणे वरिष्ठ वर्गाला परवडते, हा वर्चस्वाचा जुना स्वभाव आहे. विशेषाधिकाराची खरी गोडी वस्तूत नसते, दुसऱ्याला ती न मिळण्यात असते. म्हणूनच तो मिटवण्यासाठी केवळ सद्भावनेचे आवाहन पुरे पडत नाही.

पण नृत्यासारख्या किरकोळ गोष्टीवरून एवढे रण का माजावे? नृत्यात हातात हात द्यावा लागतो, तरुण देह जवळ येतात आणि त्यातून पुढे प्रेम व विवाह संभवतो, हे त्यामागचे खरे कारण. चित्रपटात ट्रेसीची गोरी मैत्रीण पेनी आणि काळा तरुण सीवीड यांचे प्रेम गोड विनोदात गुंडाळलेले आहे. त्या काळी मेरिलँड राज्यात गोऱ्या-काळ्यांचा विवाह कायद्याने निषिद्ध होता आणि वसाहतकाळापासून चालत आलेला तो निर्बंध १९६७ साली रद्द झाला, हे मात्र चित्रपट सांगत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, गटाबाहेर विवाह करण्यावरील बंदी हाच जातिसंस्थेचा गाभा आहे असे दाखवून दिले होते. ज्या देशात तो निबंध वाचला गेला, त्या देशाच्या वर्णभेदाचे मर्मही फारसे वेगळे नव्हते. नाचघराच्या दारावरील पहारा वस्तुतः विवाहमंडपाच्या दारावरचा होता.

याला दुसरी, आर्थिक बाजूही आहे. ही गोरी मुले ज्या ठेक्यावर नाचत, त्यातला मोठा भाग काळ्या कलावंतांनी घडवलेला होता. नाचण्याच्या नव्या तऱ्हाही बहुधा काळ्या वस्त्यांतून येत. काळ्यांचे संगीत चाले, त्या संगीतावर जाहिरातीही खपत, पण त्या संगीताचे धनी मात्र चालत नसत. श्रमाचे फळ घ्यायचे आणि श्रमणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा व्यवहार गिरण्याकारखान्यांपुरता मर्यादित नाही, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

चित्रपटाचा मोठा दोष असा की, इतिहासाचे श्रेय त्यात एका दयाळू गोऱ्या मुलीच्या पदरात पडते. बाल्टिमोरची लढाई कोणी लढवली? १९५५ च्या जानेवारीत मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी रीड्स या औषधांच्या दुकानसाखळीतील खाद्यगृहांत बैठे सत्याग्रह केले आणि अल्पावधीतच तेथील भेद मोडला. त्याच महाविद्यालयाजवळच्या नॉर्थवुड चित्रपटगृहापुढे मात्र वर्षानुवर्षे निदर्शने करावी लागली. १९६३ च्या फेब्रुवारीत चारशेहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःला अटक करवून घेतली, तुरुंग भरून गेले, तेव्हा कुठे चित्रपटगृहाचे मालक नमले. त्याच वर्षीच्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ग्विन ओक या करमणूक उद्यानापाशी पावणेतीनशेहून अधिक निदर्शकांना पकडण्यात आले. त्यांत अनेक धर्मोपदेशकही होते. ते उद्यान २८ ऑगस्टला सर्वांसाठी खुले झाले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची ऐतिहासिक सभा भरली होती. या साऱ्या वर्षांचा, तुरुंगवासाचा आणि संघटनेचा हिशेब एका रात्रीच्या नाचात बसणार नाही.

तरीही हा चित्रपट टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. त्यातील मोर्चाचे नेतृत्व मेबेल ही काळी स्त्री करते आणि पूर्वजांच्या सोसण्याची आठवण जागवणारे गीत तिच्याच तोंडी आहे. दूरचित्रवाणीची मालकी आणि जाहिरातदाराचा पैसा ठरवतो कोण दिसावे आणि कोण दिसू नये, ही गोष्टही तो हसतखेळत सांगून जातो. चळवळ म्हणजे केवळ कपाळावरच्या आठ्या नव्हेत. एकत्र हसण्याचा आणि नाचण्याचा हक्क हाही मागण्याजोगाच हक्क आहे, आणि या आनंदासाठीच तर बाल्टिमोरची मुले तुरुंगात गेली होती.

महाराष्ट्राला या लढ्याविषयीची आस्था नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्ततेनंतर शंभर वर्षांनीही नाचघराच्या दारात तोच वाद उभा होता, यावरून कायद्याने बेड्या तुटणे आणि समाजाने शेजारी बसू देणे यांतील अंतर ध्यानात येते. आणि नाचघर उघडले तरी प्रश्न संपत नाही. याच बाल्टिमोरने १९१० साली गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या करणारा नगरपालिकेचा कायदा केला होता. १९१७ साली न्यायालयाने असे कायदे अवैध ठरवले, पण घरमालकांचे करार आणि कर्जपुरवठ्याची धोरणे यांनी तेच काम पुढे चालू ठेवले. शहराची ती फाळणी अजून पुसलेली नाही आणि २०१५ साली पोलिसांच्या ताब्यातील एका काळ्या तरुणाच्या मृत्यूनंतर तेथे जो उद्रेक झाला, त्याची मुळे त्या फाळणीतही होती.

म्हणून अभ्यासवर्गात हा चित्रपट अवश्य दाखवावा, तरुणांनी त्यातील गाण्यांवर ठेका धरला तर धरू द्यावा. मात्र दिवे लागल्यावर बडी डीनच्या कार्यक्रमाला टाळे का लागले ते सांगावे, आणि नॉर्थवुडचे दार उघडण्यासाठी किती विद्यार्थी तुरुंगात गेले तेही सांगावे.