ग्रहांची दृष्टी आणि माणसांची नजर

माझ्या माहेरी लोखंडी कपाटावर एक पत्र्याचा डबा असतो. त्यात घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा विषय निघाला आणि भावाने तो डबा खाली काढला. तिची पत्रिका शोधताना हाती लागली ती आमच्या आत्याची. कोपऱ्यात तांबड्या शाईने कुणीतरी लिहून ठेवलेले : 'कडक मंगळ'. आत्याला जाऊन वीस वर्षे झाली. शेरा अजून तसाच आहे.

ज्योतिषातले ग्रह नुसते आपापल्या स्थानात बसत नाहीत, ते बघतातही. बसल्या जागेपासून मोजून सातव्या स्थानावर प्रत्येक ग्रहाची दृष्टी असते. शिवाय मंगळाला चौथी आणि आठवी, गुरूला पाचवी आणि नववी, शनीला तिसरी आणि दहावी दृष्टी जादा. गुरूची दृष्टी तारणारी, शनीची जाचणारी. चंद्र हा मनाचा कारक, म्हणून चंद्रावर शनीची दृष्टी पडली की माणूस आतल्या आत कुढतो, असे सांगतात.

या साऱ्याची मी थट्टा करणार नाही, कारण एकेकाळी मला त्याचा आधार वाटला होता. १९८९ मध्ये वडील अचानक गेले. भेटायला येणारे पेन्शनचे विचारत, घराच्या कागदपत्रांचे विचारत. पुढे आई मला एका ज्योतिष्यांकडे घेऊन गेली. माझी रास धनू, साडेसातीचा मधला टप्पा चालू. त्यांनी पत्रिका उलगडली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, रात्री झोप लागते का?" मी तिथेच रडू लागले. दिवसकार्य झाल्यापासून हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "१९९३ नंतर हलकं वाटेल," ते म्हणाले. आणि वाटलेही. शनी पुढच्या राशीला गेला म्हणून, की चार वर्षांत दुःखाची धार बोथट होतेच म्हणून? मला दुसरे कारण पटते. पण त्या गृहस्थांनी मला अर्धा तास बोलू दिले, हे उपकार मी विसरलेले नाही. आपल्या घरांतून 'मला उदास वाटतं' असे म्हणायला जीभ उचलत नाही. 'साडेसाती चालू आहे' म्हटले की चारचौघे समजून घेतात.

मात्र आधार वेगळा आणि पुरावा वेगळा. साडेसाती एका वेळी बारांपैकी तीन राशींना असते. लग्नी, चौथा, सातवा, आठवा किंवा बारावा मंगळ सदोष धरायचा, तर बारांतली पाच स्थाने त्यातच गेली. एवढ्या माणसांच्या नशिबी एकच दुःख कसे असेल? २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात याची रीतसर चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुले, अशा दोनशे पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून यापेक्षा फार वेगळे काही हाती लागले नसते.

हे सगळे मला पटलेले होते. तरीही पत्रिकेचा सर्वांत वाईट उपयोग मीच केला.

२००५ मध्ये मुलासाठी एक स्थळ आले होते. मुलगी शिकलेली, बोलायला मोकळी. छत्तीसपैकी पंचवीस गुण जुळत होते. पण ती सावळी होती, चष्म्याचा नंबर मोठा होता आणि आमच्याकडच्या मंडळींना ते पसंत पडले नाही. हे तोंडावर कसे सांगायचे? मी फोन केला आणि म्हणाले, "पत्रिका जुळत नाही हो." कुणाचे मन दुखावले नाही, या समाधानात मी होते.

तीन वर्षांनी एका लग्नात त्या मुलीची आई भेटली. ती सहज सांगू लागली, "तुमचा निरोप आला आणि आम्ही पत्रिका दुसरीकडे दाखवली. त्यांनी सप्तमस्थानावर शनीची दृष्टी सांगितली. शांत केली, उपास झाले. पण पोरीनं मनाला लावून घेतलं. आपल्यातच काही खोट आहे म्हणते. आता स्थळं बघायलाच नको म्हणते." माझ्या हातात अक्षता होत्या. खरे काय ते सांगावे, एवढे धैर्य मला झाले नाही. त्या मुलीवर शनीची दृष्टी नव्हती पडली, पडली होती आमची नजर.

आत्याच्या वाट्यालाही असेच नकार आले होते. ती शाळेत शिकवायची, दर शनिवारी शनिमाहात्म्य वाचायची आणि आम्हा मुलांना गोष्ट सांगायची. विक्रम राजावर चोरीचा आळ येतो, हातपाय तोडले जातात, तो तेल्याच्या घाण्यावर बसून दिवस काढतो. अखेर शनी प्रसन्न होतो आणि वर माग म्हणतो. राजा मागतो, मला जसे छळलेस तसे दुसऱ्या कुणाला छळू नकोस. इथे आत्या नेहमी थोडी थांबायची. तेव्हा आम्हाला राज्य परत मिळाले की नाही, याचीच घाई असे.

आज वाटते, दुःखातून माणूस मोठा होतो म्हणतात, त्याची खूण या मागण्यात आहे. नुसते सोसून कुणी मोठे होत नाही. आत्याने आयुष्यात कुणाच्या लग्नात 'पत्रिका पाहिली का?' असे विचारले नाही. मी तिचीच भाची, आणि तिला लागलेला घाव मी दुसऱ्या मुलीला दिला.

ज्यांना पत्रिका पाहून धीर येतो, त्यांनी जरूर पाहावी. पण नकार द्यायचा असेल तर तो आपल्या तोंडाने द्यावा, ग्रहांच्या आड लपून देऊ नये. 'आमचं मन होत नाही,' एवढे म्हटले तरी पुरते. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण ते चार दिवसांचे. जन्मवेळेतच खोट आहे असे कळले, तर ती दुरुस्त कुठून करायची?

भावाच्या हातून मी तो डबा घेतला आणि झाकण लावले. भाची दारात उभी होती. तिला जवळ बसवून विचारले, "तुझ्या मनात काय आहे, ते आधी सांग."

ती बराच वेळ बोलत होती.