धुऱ्यावरची बोर आणि फायलीचे पंचांग



गावोगाव बैठका घेताना आम्ही एक सवय लावून घेतली आहे. बैठक संपली की यजमानाच्या शेतात फेरी मारायची आणि धुरा पाहायचा. पऱ्हाटी सगळेच दाखवतात, ज्वारीचे कणीसही दाखवतात. धुरा कोणी दाखवत नाही. आणि धुऱ्यावर हमखास एक बोर उभी असते. वीस-पंचवीस वर्षांची, बुडाशी काट्यांचे जाळे, वर झिपऱ्या सुटलेल्या, आतल्या फांद्या वाळून कोळ झालेल्या. फळ वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, त्यात निम्मे किडके.

मालकाला विचारावे तर उत्तर दोहोंपैकी एक. पहिले : "बोरीला काय करायचं? ती आपली आपण येते." दुसरे : "दोन तासं खाते भाऊ, औंदा बुडाशी धसकटं पेटवून देतो." तिसरे उत्तर सरकारी कचेरीत मिळते : "ते जुने झाड सोडा, नवी रोपे घ्या, अनुदान आहे."

आमचे म्हणणे असे की तिन्ही उत्तरे चूक आहेत, आणि तिसरे सर्वांत महाग आहे.

बोर म्हातारी होऊन फळ द्यायची थांबत नाही. तिला फळ येते ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर, पानाच्या बेचक्यात. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर बाकीचे शास्त्र आपोआप सुचते. झाड छाटले नाही तर जुन्या फांदीच्या टोकाला बोटभर नवी फूट येते, तिच्यावर चार फळे धरतात, तीही बारीक. खालचा सगळा पसारा लाकूड पोसण्यात जातो. उजेड आत शिरत नाही, वारा खेळत नाही, मग भुरी येते, फळ गळते. झाड छाटले की खोल गेलेल्या मुळांचा सगळा जोर मोजक्या डोळ्यांवर येतो. फूट हात-दोन हात लांब, जाड आणि हिरवीगार निघते, आणि फळ धरते ते त्या फुटीवर. मुळे वीस वर्षांची आणि फांदी यंदाची, असे झाड कोणती रोपवाटिका विकत देईल?

आता वेळ. माघ-फाल्गुनात बोरे संपतात. उन्हाळा तापू लागला की बोर पाने टाकते आणि झोपी जाते. त्या झोपेत करवत लावायची. आपल्या महाराष्ट्रात एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि मेचा पहिला पंधरवडा हा तो काळ. म्हणजे अखजीच्या आगेमागे. शेत रिकामे, बैल रिकामे, माणूसही जरा रिकामा. रोहिणी निघण्याआधी करवत खुंटीला टांगलेली असली पाहिजे. पाऊस पडला की झाड जागे होते, फूट निघते, पावसाळ्यात त्याच फुटीवर फुलोरा येतो आणि संक्रांतीच्या सुगडात ज्वारीच्या हुरड्याशेजारी बोर पडते. हे झाडाचे पंचांग आहे. ते कोणत्याही मंत्रिमंडळाने ठरवलेले नाही.

फायलीचे पंचांग वेगळे असते. आमच्याच हातून घडलेले सांगतो. कृषीची पदवी घेऊन आम्ही काही वर्षे एका योजनेत नोकरी केली. छाटणीच्या प्रात्यक्षिकाचा पैसा मंजूर होऊन आला जुलैत. पुस्तकात एप्रिल-मे लिहिले आहे हे आम्हाला पाठ होते. परीक्षेत त्याला गुण मिळाले होते. पण खर्च दाखवायचा होता, फोटो पाठवायचा होता. आम्ही एका शेतकऱ्याच्या बोरी भर पावसात, नव्या फुटीसकट छाटल्या. फोटो छान आला. झाडांनी पुन्हा फूट काढली, फुलोरा उशिरा आणि विरळ आला, त्याची संक्रांत कोरडी गेली. भांडला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, कापणीच्या दिवसांत पेरायला लावलंत तुम्ही." ते वाक्य आजही आमच्या मानेवर बसलेले आहे. नोकरी सुटली, वाक्य सुटले नाही. तेव्हापासून आम्ही एक धडा घेतला : ज्या कामाचा मुहूर्त झाडाच्या हाती आहे, ते काम फायलीवर अवलंबून ठेवायचे नाही.

आता रीत. कुऱ्हाड घरी ठेवा. कुऱ्हाडीने खुंट फाटतो, फाटलेल्या खुंटात पाणी मुरते आणि झाड आतून कुजते. करवत आणि कात्री घ्या, हाताला जुना गोणपाट गुंडाळा. दुर्लक्षित झाडाची पहिल्या वर्षी कठोर छाटणीच करावी लागते. बुडाशी निघालेली सगळी काटेरी फूट आधी साफ करा. मग चार बाजूंना गेलेल्या तीन-चार जाड, निरोगी फांद्या निवडा; त्या जमिनीपासून छाती-कंबरेच्या उंचीवर कापा, बाकीच्या मुळातून काढा. जाड फांदी कापताना पहिला काप खालून थोडा द्या, मग वरून. नाही तर फांदी आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. काप तिरका ठेवा, पाणी थांबू नये. कापावर बोर्डो पेस्ट लावा : एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र केलेले. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या. लोखंडी भांडे मोरचूद खातो.

पावसाआधी-पावसात खुंटावर झुबक्याने फूट निघेल. सगळी ठेवाल तर पुन्हा तेच जंगल. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या दिशेने जाणारी दोन-तीन ठेवा, बाकीची कोवळी असतानाच खुडा. झाड गावठी असेल, किंवा कलमाचे असूनही वरचे मरून खालचा खुंटच वाढलेला असेल (जुन्या बागांत हे फार दिसते), तर हीच फूट पेन्सिलीएवढी जाड झाली की जून ते ऑगस्टमध्ये तिच्यावर चांगल्या जातीचा डोळा भरा. उमराण, कडाका, मेहरूण, जे झाड तुमच्या भागात चांगले येते त्याची फांदी शेजाऱ्याकडून मागून आणा. डोळा फुकट मिळतो.

दुसऱ्या वर्षापासून काम हलके. अखजीला गेल्या वर्षीच्या फांद्या 15-20 डोळे ठेवून आखूड करा. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या, जमिनीला टेकलेल्या काढून टाका. हंगामात गळलेली किडकी फळे झाडाखाली सडू देऊ नका, खोल पुरा. उन्हाळ्यात बुडाभोवतीची माती उकरून तापू द्या, फळमाशीचे कोष उन्हाने मरतात. आणि छाटलेले वाया जात नाही : पाला शेळ्यांना, बोराटी कुंपणाला, जाड लाकूड चुलीला.

धुऱ्यावरच्या बोरीचे खरे दुखणे मात्र बरेचदा झाडात नसते, सातबाऱ्यात असते. दोन भावांच्या मधल्या धुऱ्यावरचे झाड. फळाला दोघे मालक, करवतीला एकही नाही. त्यावर कोर्ट नको. एकाने कापावे, दुसऱ्याने बोराटी ओढावी, फळ निम्मेनिम्मे.

एका बैठकीत एक तरुण कार्यकर्ता आमच्यावर उसळला. "2025 च्या ऑगस्टात केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, आपला कापूस घरात यायच्या तोंडावर बाहेरच्या गाठींना दार उघडले, आणि तुम्ही आम्हाला बोरी छाटायला सांगता?"

त्याचा राग खरा आहे. बोरीने कर्ज फिटत नाही. जो कोणी सांगेल की चार बोरी छाटा आणि कापसाच्या भावाचे रडगाणे बंद करा, तो बोरीची साल बाभळीला लावतो आहे. त्याला बैठकीतून उठवा. ॲपल बेरच्या लाटेत रोपे विकणारे कमावून गेले, मागून बागा लावणारे भाव पडल्यावर बसून राहिले, हेही आपण पाहिले आहे. म्हणून आम्ही नवी बाग लावा असे सांगत नाही. जे झाड उभे आहे, ज्याला पाणी नको, ज्याचे भांडवल तुमच्या बापाने आधीच गुंतवले आहे, त्यावर दोन दिवसांची मजुरी घाला, एवढेच सांगतो. आणि बोरे वेचते, विकते कोण? घरची बाई. कापसाचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत आणि सोसायटीच्या व्याजात जिरतो. पाटीभर बोरांचा पैसा तिच्या कनवटीला राहतो, त्यातून तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या येतात. भावासाठी रस्त्यावर बसायचे तर घरात चार दिवसांचे मीठ असावे लागते.

आता सरकारशी आमचे भांडण. महाराष्ट्रात रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली 1990 मध्ये. तेव्हापासून योजनांची नावे बदलली, मोजमाप तेच : किती खड्डे, किती रोपे, किती हेक्टर. रोप जगल्याचा शेवटचा हप्ता निघाला की झाड सरकारच्या लेखी मेले. जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची भाषा झालीच तर आंबा-संत्र्याच्या बागांसाठी. धुऱ्यावरच्या एकट्या बोरीला कोण पुसतो? कोरडवाहूसाठी जिची शिफारस झाली, तिच्या छाटणीला मजुरी नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. सरकारकडे मागणी : उभ्या कोरडवाहू फळझाडांच्या छाटणीची मजुरी रोजगार हमीत धरा, आणि ती एप्रिल उजाडण्याआधी मंजूर करा; जुलैचा पैसा परत न्या. आणि आपल्याकडे ठराव : मागणी मान्य होवो न होवो, दर गावाने वर्गणी काढून एक चांगली करवत आणि दोन कात्र्या घ्याव्यात, आणि येत्या अखजीला निदान दहा बोरी छाटाव्यात.

बोलणाऱ्याची बोरे विकतात, अशी म्हण आहे. आपण बोलायला शिकलो आहोत. पण विकायला आधी बोरे तर लागली पाहिजेत. मेळाव्याला येताना घोषणा पाठ करून या, आणि घरातली गंजलेली करवतही घेऊन या. तिला धार लावून देणारा माणूस मांडवाच्या दारातच बसवलेला असेल.